मजीदभाईंचा नवसागर

१८ ऑगस्ट २०२४, रविवार. दौलताबाद रस्त्यावर हॉटेल चालवणारे बद्रीनाथ औताडे यांनी छावणीतल्या कमरुन्निसाबेगम यांच्या हातात अकरा हजार एकशे एक रुपयांचा इसार ठेवला आणि ठेवता ठेवताच अट घातली. एक सप्टेंबरला ते पुन्हा येणार. त्या दिवशी वरच्या खोलीतली छोटी आगगाडी तासभर एकदाही न थांबता पळाली, तर सगळं टेबल जसंच्या तसं हॉटेलात न्यायचं. थांबली तर इसार परत.

"जेवताना लेकरं बघणार हिला," ते म्हणाले. "लेकरू लई वाईट गिऱ्हाईक. गाडी थांबली की ताट सरकवून देतंय."

अट घालायचं कारण समोरच होतं. गाडी तिसऱ्या फेरीत दौलताबादच्या वळणावर थांबली होती आणि मजीदभाई इंजिनाला बोटानं पुढं ढकलत होते.

"हे असं दर खेपेला ढकलावं लागतं का?"

"तुमच्या हॉटेलातला पंखा बिनढकलता फिरतो का?" मजीदभाईंनी वर न बघता विचारलं. "त्याचं वायंडिंग मीच केलंय. दोनदा."

कमरुन्निसाबेगम यांनी डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं. मजीदभाईंना डोळ्यांची भाषा कळत नसे, आणि तोंडाची कळली तरी ते ती जुमानत नसत.

ते टेबल कमरुन्निसाबेगम यांच्या यजमानांचं, हबीबसाहेबांचं. रेल्वेच्या तिकीट खिडकीमागं सगळी नोकरी सरली आणि राहिलेला जीव त्यांनी या टेबलात घातला. पत्र्याच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत प्लायवूड, त्यावर मीटरगेजच्या काळातला मार्ग, लासूरचं स्टेशन, प्लास्टरचा किल्ला, वळणं, सिग्नल. मे महिन्यात हबीबसाहेब गेले. एकुलता एक मुलगा फरहान वाळूजच्या कंपनीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर. डिसेंबरात त्याचं लग्न ठरलेलं आणि घरात दुसरी खोली नाही. त्यानं आईला स्पष्ट सांगितलं होतं, "औताडे नेत असतील तर नेऊ देत. नाहीतर दोन तारखेला भंगारवाला बोलावतो. रूळ किलोवर जातील."

आईला हे मान्य होतं. मान्य नव्हतं ते फक्त मजीदभाईंना, आणि त्यांचा त्या टेबलावर कागदोपत्री काही हक्क नव्हता. अठरा वर्षं रोज संध्याकाळी ते दुकान बंद करून त्या खोलीत येऊन बसत. हबीबसाहेब रूळ मांडत, मजीदभाई तारा ओढत. दोघांत फार बोलणं होत नसे. मजीदभाईंशी ज्याचं भांडण झालं नाही असा छावणीत तो एकच माणूस होता.

बाकी सगळ्यांशी झालेलं होतं. दोन सख्ख्या भावांशी बोलणं बंद. मशिदीच्या कमिटीशी लाउडस्पीकरच्या दुरुस्तीवरून वाद. वीज मंडळाच्या लाइनमनला एकदा तो खांबावर असतानाच त्यांनी खालून शिकवणी दिली होती. पंखे आणि पाण्याच्या मोटारी भरून देण्याचं, म्हणजे त्यांतली जळलेली तार नव्यानं गुंडाळून देण्याचं, त्यांचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत. दुरुस्तीला आलेल्या पंख्यावर ते खडूनं गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नसत, गुण लिहीत. 'घाई करणारा.' 'भाव पाडणारा.' 'बायकोला पुढं करणारा.' गिऱ्हाईक आलं की आपला पंखा स्वतःच ओळखून न्यायचं. तरी लोक येत, कारण मजीदभाईंनी भरलेली मोटार दहा-दहा वर्षं जळत नसे.

त्यांचे वडील करीमभाई कल्हईवाले. वैजापूरकडच्या खेड्यांत भाता, कोळसा आणि धातू साफ करणाऱ्या नवसागराची डबी घेऊन फिरायचे. भांड्यांना कल्हई लावायची, फुटक्या भांड्याला डाग द्यायचा, म्हणजे शिसं-कथील वितळवून जोड बसवायचा. लहानपणी मजीदभाई भाता ओढत. पुढं घरोघरी स्टील आलं, भाता बंद पडला, मजीद वायंडिंग शिकला. पण जोड देण्याचा हात वडिलांचाच राहिला, आणि त्या हाताचा अभिमानही.

मागच्या हिवाळ्यात उंदरांनी टेबलाखालच्या जुन्या तारा कुरतडल्या. मजीदभाईंनी सगळं वायरिंग उपसून नवं टाकलं. रूळ लोखंडी पट्टीचे, घरी कापून बसवलेले. दुकानातली साधी पेस्ट लावून त्यांच्यावर शिसं धरेना, थेंब होऊन घरंगळायचं. तेव्हा त्यांनी वडिलांची डबी काढली. नवसागर लावला, सोल्डरिंग गन टेकवली, नाकात झोंबणारा पांढरा धूर निघाला आणि शिसं लोखंडावर पाण्यासारखं पसरलं. मग टेबलाखालच्या तांब्याच्या तारांचे जोडही त्यांनी तसेच केले. हबीबसाहेब बोट फिरवून म्हणाले, "मजीद, हे माझ्या नातवापर्यंत टिकणार." हिवाळा आणि उन्हाळा गाडी अशी पळाली की तशी कधीच पळाली नव्हती.

आणि आता, ऐन इसाराच्या दिवशी, ती दौलताबादला थांबली होती.

सोमवारी संध्याकाळी मजीदभाई खोलीत आले तेव्हा फरहान मीटर घेऊन आधीच बसला होता. त्यानं मीटरच्या दोन्ही सुया रुळांना टेकवल्या.

"बारा व्होल्ट. पूर्ण. वायरिंग ठीक आहे, चाचा. इंजिनच म्हातारं झालंय."

मजीदभाईंनी खिशातून मोटारसायकलच्या टेललाइटचा बल्ब काढला. त्याला दोन तारा जोडलेल्या होत्या. त्याच जागी त्यांनी त्या टेकवल्या. बल्बाची तार लालसर झाली आणि तशीच राहिली.

"ठीक आहे?"

"मीटर खोटं बोलत नाही."

"मग बल्ब बोलतो का? तुझ्या मीटरला करंट लागतच नाही, त्याला नुसतं विचारायचंय. इंजिनाला ओढायचंय. जोड कुठंतरी सुटत आलाय. विचारलं तर हो म्हणतो, काम सांगितलं तर बसतो. तुमच्या कंपनीतल्या सुपरवायझरसारखा."

फरहाननं मीटर बंद केलं. "सुपरवायझर तासाचा पगार घेतो. तुम्ही अठरा वर्षं फुकट चहा प्यायलात."

"तुझ्या बापाचा प्यायलो. तुझा नाही."

एवढं बोलणं झालं आणि दोघं दोन कामांना लागले. हबीबसाहेबांनी मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळं बटण दिलेलं होतं, त्यामुळं दोष शोधायची रीत सोपी होती. सगळी बटणं बंद करायची, एकेक चालू करत जायचं, जिथं बल्ब मंद होईल तो तुकडा धरायचा. मजीदभाईंनी दौलताबादचा तुकडा धरला, टेबलाखाली शिरले, तार शोधली. बोट लावताच तार हातात आली. त्यांनी ती नव्यानं जोडली, नवसागर लावून. गाडी पळाली.

मंगळवारी ती लासूरला थांबली. तिथली तारही बोट लावताच हातात आली. तीही जोडली. बुधवारी पाऊस होता. गाडी लासूरहून निघेचना, आणि दौलताबादचा सिग्नलही विझला. दुपारी ऊन पडलं तेव्हा तो आपोआप लागला आणि रात्री पुन्हा गेला.

आठवडाभर असं चाललं. एका जागी जोडावं की दुसऱ्या जागी सुटलेलं. मजीदभाईंनी तुटलेले तुकडे तंबाखूच्या डबीत जमवायला सुरुवात केली. इतक्या वर्षांच्या धंद्यात त्यांचा एक नियम होता. बिघाड एका जागी बसतो. पंख्याचा बिघाड कधी मोटारीत जात नाही. हा मात्र फिरत होता. फिरतो म्हणजे त्याला पाय आहेत. आणि त्या खोलीची किल्ली फक्त घरच्यांकडं होती.

हा हिशेब त्यांनी मनात ठेवला असता तर बरं झालं असतं. सोमवारी सकाळी, सव्वीस तारखेला, कडुबाच्या चहाच्या टपरीवर कोणीतरी सहज विचारलं, "काय मजीदभाई, गाडी निघाली का?"

"निघेल कशी?" मजीदभाई म्हणाले. "मी दिवसा जोडतो, हबीबचा पोरगा रात्री तोडतो. खोली पाहिजे त्याला. बाप मातीत गेला, आता बापाची गाडी भंगारात."

कडुबानं गाळणी आपटली. "व्हय का? सावकाश बोला, मजीदभाई. नवऱ्या मुलीचा मामा आत्ताच चहा घेऊन गेलाय. अजून वळणावर दिसतोय बघा."

मामानं वळणावर ऐकलं नसेल, पण टपरीवरचं बोलणं त्याच्यापर्यंत जायला दुपारही झाली नाही. संध्याकाळी मजीदभाई नेहमीप्रमाणं आले तर खालचं दार बंद होतं. आतून फरहानचा आवाज आला, "अम्मीला सांगितलंय, तुम्हाला दार उघडायचं नाही."

मंगळवारी कमरुन्निसाबेगम स्वतः दुकानात आल्या. इतक्या वर्षांत त्या मजीदभाईंच्या दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या. त्यांच्या मते या माणसानं त्यांच्या नवऱ्याच्या सगळ्या संध्याकाळी नेल्या होत्या. चहाचा कप घेताना त्यानं एकदाही 'भाभी, कशा आहात' म्हटलं नव्हतं. आजही त्यानं स्टूल पुढं केलं नाही. त्यांनीच एक पंखा बाजूला सारून जागा केली. पंख्यावर लिहिलेलं होतं, 'रोज विचारणारा.'

"मजीदमियाँ, माझ्या पोराला बाजारात चोर म्हणालात."

"चोर नाही म्हणालो. तारा तोडतो म्हणालो."

"मामानं निरोप पाठवलाय. जो बापाची वस्तू तोडतो तो बायको काय सांभाळणार, म्हणे. तोडलेली तार दाखवा मला."

मजीदभाईंनी तंबाखूची डबी काउंटरवर उपडी केली. पुरावा त्यांच्याकडं होता आणि दाखवायची घाईही होती. कमरुन्निसाबेगम यांनी एक तुकडा उचलून दाराच्या उजेडात धरला. मग दुसरा. मग नखानं टोक खरवडलं. नखावर हिरवी भुकटी आली.

"ही तोडलेली नाही," त्या म्हणाल्या. "कळकलीय."

"काय?"

"तांबं कळकलंय. तोडलेल्या तारेचं टोक चमकतं. हे खाल्लंय कशानं तरी." त्यांनी तुकडा नाकाजवळ नेला. "नवसागर लावलात?"

"मग काय थुंकीनं चिकटवायचं?"

"तुमचे अब्बा आमच्या माहेरी दारात बसून डाग द्यायचे. भांडं हातात देताना दर वेळी सांगायचे, बेटी, आधी चिंच आणि राखेनं घास, दोन पाण्यानं धू, मग चुलीवर चढव. एकदा मी तशीच परात ठेवून दिली. आठ दिवसांत डागाच्या कडेनं हिरवं आलं आणि जोड सुटला. अब्बांनी फुकट दुसरा डाग दिला आणि माझ्या आईदेखत मला बोलले." त्यांनी तुकडा काउंटरवर ठेवला. "तुम्ही तारा कशानं धुतल्या?"

मजीदभाईंनी तुकडा परत डबीत टाकला. मग म्हणाले, "तारा धुतं का कोणी?"

"तारांना नवसागर तरी लावतं का कोणी?"

"जा भाभी. मला गिऱ्हाईक आहे."

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. कमरुन्निसाबेगम यांनी ते बघितलं आणि निघून गेल्या.

वडील डाग द्यायचे तेव्हा मजीद भाता ओढत असे. धुण्याचं काम भांडंवालीचं, ते तिच्या घरात व्हायचं. तोपर्यंत बापलेक पुढच्या गल्लीत गेलेले असायचे. म्हणून कामाचा अर्धा भाग मजीदभाईंनी पाहिलाच नव्हता, आणि जो पाहिला नव्हता तो अठ्ठेचाळीस वर्षं त्यांना लागलाही नव्हता. दुकानात मोटारींच्या जोडांना ते पेस्टच वापरत.

तरी बाईच्या एका नखावर त्यांचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. त्यांनी तांब्याच्या तारेचे दोन जोड केले, दोन्ही नवसागरानं. एक खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात ब्रशनं घासून धुतला, दुसरा तसाच ठेवला. ओल्या फडक्यावर दोन्ही ठेवून वर घमेलं पालथं घातलं. बुधवारी दिवसभर घमेल्याला हात लावला नाही. गुरुवारी सकाळी उचललं. धुतलेला जोड जसा होता तसा होता. दुसऱ्याच्या कडेनं हिरवी रेघ आली होती.

मग सगळं जुळत गेलं. नवसागर हवेतली ओल ओढतो. हिवाळ्या-उन्हाळ्यात हवा कोरडी, म्हणून गाडी पळाली. पावसाळा लागला तसा टेबलाखालचा प्रत्येक जोड आतून झिजायला लागला. त्या आठवड्यात त्यांनी ज्या तारा पुन्हा जोडल्या, त्यांनाही नवसागरच लावला होता. बिघाडाला पाय नव्हते. तो सगळीकडं एकदमच होता, आणि मजीदभाईंनी स्वतःच्या हातानं तो तिथं ठेवला होता.

एक सप्टेंबरला तीन दिवस उरले होते. प्रत्येक जोड कापून नव्यानं करायचा तर टेबलावर झोपून एक माणूस आणि टेबलाखाली एक माणूस लागणार होता. मजीदभाईंचे गुडघे टेबलाखाली आता फार वेळ टिकत नसत. छावणीत त्यांच्यासाठी टेबलाखाली शिरेल असा दुसरा कोणी नव्हता. याला कारण छावणी नव्हती.

कामावर निघालेल्या फरहानला ते दारात गाठायला गेले. फरहान हेल्मेट हातात घेऊन उभा राहिला. आत यायला सांगितलं नाही.

"तारा तू तोडल्या नाहीस," मजीदभाई म्हणाले.

"मला माहीत आहे."

"माझ्या डागानं खाल्ल्या."

"ते अम्मीनं सांगितलं. मग?"

"मग काय? खाली शिरायला माणूस पाहिजे."

फरहान हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "मी सात वर्षांचा असताना इंजिनाला हात लावला म्हणून तुम्ही पट्टीनं मारलं होतं. अब्बा बघत होते, काही बोलले नाहीत. आणि आता मी खाली शिरू?"

"नको शिरू. भंगारवाल्याला फोन कर."

"तो मी करणारच होतो." फरहाननं हेल्मेट घातलं, पट्टा लावला आणि मग काच वर केली. "जिथं बोललात तिथं जाऊन आधी मागं घ्या. मामा साडेदहाला असतो तिथं. तो असतानाच बोला. तरच शिरतो."

मजीदभाई म्हणाले, "असल्या अटी औताडे घालतो."

"मग औताडेला घाला टेबलाखाली."

शुक्रवारी सकाळी साडेदहाला मजीदभाई कडुबाच्या टपरीवर गेले. मामा बाकावर बसून पेपर वाचत होता. मजीदभाईंनी चहा मागितला नाही. उभ्यानंच बोलले, वायंडिंगचा दर सांगावा तसे.

"हबीबच्या पोरानं तारा तोडल्या नव्हत्या. त्या मी नवसागरानं जोडल्या आणि धुतल्या नाहीत, म्हणून सुटल्या. मी बोललो ते चूक होतं."

कडुबानं विचारलं, "म्हंजे तुमच्याच हातानं का, मजीदभाई?"

"कानात बोळे घातलेत का? आत्ता काय सांगितलं?"

मामानं पेपर घडी केला. "ठीक आहे," एवढंच तो म्हणाला. पण मागून कोणीतरी म्हटलं, "पंख्यावर काय लिहायचं आता, भाई? न धुणारा?" बाकावरचे सगळे हसले, आणि कडुबा सगळ्यांत जास्त हसला. मजीदभाई पूर्ण हसू संपेपर्यंत उभे राहिले नाहीत.

शुक्रवारच्या नमाजनंतर काम सुरू झालं. फरहाननं रजा टाकून गुलमंडीच्या बाजारातून राळ भरलेल्या सोल्डर तारेची दोन रिळं आणली होती. टेबलाखाली तांब्याला तांबं जोडायचं ते या तारेनं, नवसागराशिवाय. रूळ लोखंडी, तिथं नवसागराशिवाय धरत नाही, म्हणून तो जोड नवसागराचाच, पण लगेच सोड्याच्या पाण्यानं ब्रशनं घासायचा, साध्या पाण्यानं पुसायचा, हेअर ड्रायरनं वाळवायचा. फरहाननं तारा रुळाला नटबोल्टनं आवळायची कंपनीतली पद्धत सुचवली होती. मजीदभाईंनी ती ऐकायच्या आधीच नाकारली.

"लाल धर."

"धरलीय."

"ही लाल आहे का? तुझी कंपनी कशी चालते, अल्ला जाने."

"खाली अंधार आहे. मोबाइल तुमच्याकडं आहे. तुम्ही त्यात वेळ बघताय."

"हिरवं गेलंय तिथपर्यंत काप. त्याच्या पुढं दोन बोटं काप. कंजूसपणा करू नको, तार माझी आहे."

"रीळ माझं आहे. तुम्ही जोडावर गोळे घालताय."

कमरुन्निसाबेगम वर आल्या त्या फक्त सोडा आणि जुने टूथब्रश द्यायला. ब्रश त्यांनी जिन्याच्या पायरीवर ठेवले. शनिवारी सकाळी दोघांत काळ्या तारेवरून असं वाजलं की फरहान उठून खाली गेला. अर्ध्या तासानं परत आला, कारण खाली आईनं त्याला जेवायला वाढायचं नाकारलं होतं. "आधी ते काढ माझ्या डोक्यावरून," त्या म्हणाल्या होत्या. संध्याकाळी शेवटचा तुकडा जोडला. बल्ब सगळीकडं पांढरा पेटला. दोघांपैकी कोणीही बरं झालं असं म्हटलं नाही.

रविवारी सकाळपासून पाऊस कोसळत होता. पत्र्यावर इतका आवाज की औताडेंना ओरडून बोलावं लागत होतं. त्यांनी मोबाइलवर वेळ लावली आणि खुर्ची ओढून बसले. गाडी निघाली. लासूर गेलं, किल्ल्याचा बोगदा गेला, दौलताबादचं वळण आलं. मजीदभाईंनी दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत अडकवून ठेवले होते, बोट पुढं जाऊ नये म्हणून. खोलीची हवा इतकी ओली होती की खिडकीच्या काचेवर पाणी धरलं होतं. गाडी वळणावरून गेली. पुन्हा गेली. औताडे मध्येच एकदा जांभई देऊन खाली लघवीला जाऊन आले, तरी ती पळतच होती. मोबाइल वाजला तेव्हा फरहाननं बटण बंद केलं.

"जमलं," औताडे म्हणाले. "उद्या टेंपो पाठवतो. पुढं बिघडलं तर बघायला कोण येणार?"

"मी," मजीदभाई म्हणाले.

"फरहान येईल," कमरुन्निसाबेगम त्याच वेळी म्हणाल्या. औताडेंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि फरहानचा नंबर घेतला.

"रुळाला नवसागर लावला की सोड्यानं धुवायचं," मजीदभाई त्यांना म्हणाले. "आणि लेकरांनी हात लावला तर पट्टीनं मारा."

"गिऱ्हाईक हाय ते," औताडे म्हणाले.

सोमवारी टेबल चार भागांत सुटं करून टेंपोत चढलं. मजीदभाई त्या वेळी दुकानात होते. औताडेंच्या हॉटेलातून कोणी येऊन सांगतं की गाडी चालते, लेकरं बघतात. ते ऐकून घेतात, पण जात नाहीत. रविवारी तासभर गाडी पळत असताना आणि नंतरही खालून चहा आला नव्हता, आणि पुन्हा कधी त्यांना वर बोलावलं गेलं नाही. डिसेंबरात लग्न झालं. पत्रिका बाजारातल्या सगळ्या दुकानांत आली, त्यांच्याही आली. त्यांनी ती पंख्यावर ठेवली आणि गेले नाहीत.

सोल्डरच्या दोन रिळांचे सहाशे चाळीस रुपये झाले होते. मजीदभाईंनी एका रिळाचे दिले. दुसरं रीळ अर्धं उरून फरहानकडंच राहिलं, म्हणून त्याचे द्यायचे नाहीत असं त्यांचं म्हणणं आहे. फरहानचं म्हणणं तसं नाही. तीनशे वीस रुपये बाकी आहेत.